बँडमास्तरांनी आधी सांगितलं

४ फेब्रुवारी

ती. अक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही, खरोखर घातलाय. गोदामात कोणी नव्हतं, तुझ्या गावाच्या दिशेला तोंड केलं आणि आडवा झालो. उठताना गुडघा कुरकुरला, म्हणून कापडाच्या गठ्ठ्याला धरून उठलो. तेव्हा नमस्कार पोचला असं समज.

इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली कळायला मात्र मार्ग नाही, कारण तू फोन उचलत नाहीस. परवा तुझं पार्सल आलं. छताचं कापड नेहमीसारखं सुबक शिवलेलं, कोपऱ्यांना दोऱ्या लावलेल्या, घड्या अगदी तुझ्या. फक्त आत चिठ्ठी नव्हती. एरवी 'खुंट्या, याला फार ताण देऊ नकोस, तुझ्या जिभेसारखं सैल सोड' असं काहीतरी खरडलेलं असतंच. मी अख्खा गठ्ठा उलगडून झटकला. तुझी भावजय म्हणाली, "अहो, चिठ्ठी असती तर वरच असती." मला ते माहीत होतं.

तू का रागावलीस तेही माहीत आहे. आपले बँडमास्तर स्वतःच घाबरेघुबरे होऊन सांगायला आले. तुझ्या गावी त्यांचं काम होतं, सहज म्हणून तुझ्या दुकानात डोकावले आणि विचारून बसले, "अक्का, पुतणीच्या वरातीला तुमच्या आवडीचं कुठलं गाणं वाजवू?" तर तू विचारलंस, "कोणाच्या वरातीला?" मास्तर म्हणतात, तू त्यांना चहा दिलास, पण बशी दिली नाहीस. बिचारे गरम कप या हातातून त्या हातात करत कसेबसे प्यायले.

अक्का, झालं ते असं. आपल्या धंद्यात तारीख आधी अडकवावी लागते. लोक आधी नातेवाइकांना कळवतात आणि मग मांडववाल्याकडे येतात. आपण पडलो मांडववाले, आपलं सगळं उलटं झालं. हॉल धरला, आचारी धरला, बँड धरला, आणि त्या गडबडीत तुला कळवायचं राहून गेलं. बस, एवढंच. दुसरं काही मनात आणू नकोस.

तर आता रीतसर कळवतो. आपल्या भिंगरीचं ठरलं. पुढच्या महिन्याच्या शेवटी लग्न आहे. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. भिंगरीच्या ऑफिसातली लिफ्ट मध्येच बंद पडली, ही आत अडकली. हा वरून ओरडून धीर देत होता, "घाबरू नका, घाबरू नका," आणि ही आतून त्यालाच सांगत होती, "अहो, आवाज उजव्या बाजूने येतोय, तिकडे बघा." दोष उजवीकडेच निघाला. मुलगा तिथेच खलास झाला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आता जन्मभर ही तुला आतून सूचना देणार. तो म्हणाला, "चालेल, निदान दोष लवकर सापडेल." मला पोरगा आवडला.

आता खरी गंमत ऐक. भिंगरीने हुकूम सोडलाय की तिच्या लग्नात मी दोरीला हात लावायचा नाही. "बाबा, तू माझ्या लग्नात गिऱ्हाईक. आणि आपली कामाची माणसं आजवर एका तरी लग्नात निवांत बसून जेवली आहेत का? माझ्या लग्नात ते सगळे पाहुणे." तेव्हा सजावटीचं काम बाहेर द्यायचं ठरलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडल्या बाजूला जाऊन बसलो.

त्या इव्हेंटवाल्या मॅडमचं ऑफिस म्हणजे गारेगार खोली, काचेचं टेबल आणि बसलं की मागे घसरायला लावणाऱ्या खुर्च्या. मॅडमनी विचारलं, "सर, तुमची थीम काय आहे?" मी म्हटलं, "लग्न." मग त्यांनी लॅपटॉप फिरवून एक फोटो दाखवला. "हे आमचं सगळ्यात गाजलेलं काम. सीलिंगचं कापड इम्पोर्टेड आहे."

अक्का, ते तुझं छत होतं! गेल्या वर्षीचं हस्तिदंती, मधल्या कड्यापासून कडेपर्यंत बारीक चुण्या पाडलेलं. एवढंच काय, कोपऱ्यात शिडीवर माझी पाठ दिसत होती. मी विचारलं, "हा माणूस कोण?" मॅडम म्हणाल्या, "आमचा वर्कर आहे. खूप जुना." भिंगरीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला नसता तर मी काय बोललो असतो कुणास ठाऊक. बाहेर आल्यावर ती पोट धरधरून हसली आणि म्हणाली, "बाबा, काम यांनाच देऊ. चोरायला का होईना, आपलंच काम निवडलं. नजर आहे बाईंना." दिलं.

तर तुझं कापड सध्या इम्पोर्टेड म्हणून नावाजलं जातंय. तेवढ्यासाठी तरी रागात थोडी सूट दे.

तुझा धाकटा,
खुंट्या

*

१९ फेब्रुवारी

ती. अक्का,

स. न. तुझं उत्तर नाही. टपालवाला दाराशी आला की मी उगाच बाहेर येऊन उभा राहतो. त्यालाही आता माझी दया यायला लागली आहे. काल त्याने शेजाऱ्यांचं मासिक मलाच वाचायला देऊ केलं.

म्हटलं, हॉलमधल्या तालमीची हकीकत तुला कळवावी. मॅडमनी नमुन्याला अर्ध्या हॉलचं छत बांधून दाखवायचं कबूल केलं होतं. आम्ही सगळे गेलो. विहीणबाईही आल्या होत्या. विहीणबाई म्हणजे एवढीशी मूर्ती, बोलणं मऊ, पण मतं लोखंडी. त्यांना गुलाबी हवा होता. तुझ्या भावजयीला मोतिया हवा होता. दोघीही इतक्या गोड बोलत होत्या की मला घाम फुटला. "तुम्ही म्हणाल तसं," या म्हणायच्या. "छे, छे, तुमच्याच मनासारखं होऊ दे," त्या म्हणायच्या, आणि दोघी आपापल्या रंगाचा तुकडा हातात घट्ट धरून उभ्या होत्या. हे असंच चाललं असतं तर लग्नानंतर पोरांच्या बारशालाही दोघी आपापले तुकडे घेऊन आल्या असत्या.

मॅडमच्या माणसांनी साटिनचं गुळगुळीत कापड घेतलं होतं आणि ते चक्क पिनांनी टोचत होते. चुणी एका ठिकाणी गच्च, एका ठिकाणी गायब. मध्ये कापडाला ही एवढी ढेरी सुटलेली. मी खुर्चीवर बसून होतो, हात मांड्यांखाली दाबून. भिंगरी माझ्याकडे बघत होती, मी छताकडे बघत होतो. मला सगळं दिसत होतं, अक्का. छत पंख्यांच्या खालून घेतलंय, वरती हवेला वाट ठेवलेली नाही, हेही दिसत होतं. पण गिऱ्हाइकाने बोलायचं नाही असं ठरलेलं.

तेवढ्यात आचारी आले, बेत पक्का करायला. आल्या आल्या म्हणाले, "काय उकडतंय हो," आणि त्यांनी भिंतीवरची सगळी बटणं एकदम दाबली.

छत आधी फुगलं. क्षणभर मॅडमनाही वाटलं की हा काहीतरी नवीन प्रकार असावा. मग एका पंख्याने कापडाचं टोक धरलं आणि गुंडाळायला सुरुवात केली. पिना गारांसारख्या पडायला लागल्या. जावई बटणाकडे धावला म्हणून पंखा वाचला, पण छत सरसर खाली आलं ते थेट विहीणबाई, तुझी भावजय आणि आचारी या तिघांच्या डोक्यावर. पांढऱ्या कापडाखाली तीन उंचवटे, आणि त्यातला एक ओरडतोय, "मी फक्त पंखा लावला!"

आम्ही कापड ओढायला लागलो तर आतून हसण्याचा आवाज. दोघी बाया एकमेकींचे खांदे धरून हसत होत्या, त्यांना श्वास घेववेना. विहीणबाईंच्या केसात पिना, तुझ्या भावजयीचा चष्मा आचाऱ्याच्या खिशात. बाहेर आल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "जळ्ळा तो गुलाबी. काय हवं ते करा, पण घट्ट बांधा." त्या दिवसापासून दोघी रोज फोनवर बोलतात, आणि मला माझ्याच घरात चहा मिळायला उशीर होतो.

मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. शिडी घेतली आणि चढलो. एक चुणी पाडून दाखवली, फक्त एक. भिंगरी खालून म्हणाली, "बाबा, खाली ये." पण हळू म्हणाली. मॅडम वर बघत राहिल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "सर, तुमची पाठ ओळखीची वाटते." बाई चांगल्या आहेत. लाजल्याही. आता त्यांची माणसं रोज आपल्या गोदामात शिकायला येतात.

हे सगळं झाल्यावर आम्ही त्या कापडाच्या ढिगावरच बसलो होतो. सगळे खुशीत होते. भिंगरीने विचारलं, "आत्या कधी येणार?"

तुझी भावजय जमिनीवरच्या पिना वेचायला लागली. मीही वेचायला लागलो. आचाऱ्याला काही ठाऊक नाही, तरी तोही वेचायला लागला. मी म्हटलं, "तिला दुकान सोडून निघणं जमत नाही गं." त्यावर भिंगरी म्हणाली, "आजवर एकाही लग्नाला जमलं नाही?"

ते असो. तुला ये म्हणून मी आग्रह करत नाही. तुला उगाच त्रास नको. तू तिथूनच आशीर्वाद दिलास तरी आम्हाला पोचेल.

तुझा,
खुंट्या

*

२ मार्च

ती. अक्का,

नमस्कार.

मागच्या पत्राचा शेवट लिहून पाकीट पेटीत टाकलं आणि लगेच पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं. हात गेला नाही. 'तिथूनच आशीर्वाद दे' म्हणे! असं कोणी आपल्या बहिणीला लिहितं का?

काल भिंगरी गोदामात आली आणि दार लावून माझ्यासमोर बसली. तिने विचारलं, "आत्याचं काय झालंय ते मला सांग. मी आता लहान नाही." मी सांगितलं. आजवर घरात कोणी मोठ्याने बोललेलं नाही ते सगळं सांगितलं.

तुझा मांडव नानांनी बांधला होता. मी नुकता शिडीवर चढायला लागलो होतो, कडेचे पडदे मी लावले होते. सकाळी निरोप आला की मुलाकडची मंडळी लग्नाला निघत नाहीत. कारण नाही, काही नाही. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. नानांनी एकट्याने मांडव उतरवला, कोणाला हात लावू दिला नाही. आणि मग त्यांनी आम्हाला बजावलं की माझ्या पोरीसमोर लग्नाचा विषय काढायचा नाही. आम्ही काढला नाही. घरात कुठेही लग्न ठरलं की तुला शेवटी कळवायचं आणि हळू आवाजात कळवायचं, हा नियमच होऊन बसला. माझ्या लग्नात तू दिवसभर कोठीच्या खोलीत होतीस. आम्ही सगळे म्हणालो, तिला तिथेच बरं वाटतं.

तुला कळवायचं राहून गेलं हे खोटं होतं, अक्का. राहून गेलं नव्हतं. तुला कसं सांगावं ते मला सुचत नव्हतं. रोज फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. वाटायचं, मी आनंदाने सांगीन आणि तुझ्या जिवाला लागेल.

भिंगरीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि हे सगळं आत्याला लागतं, असं आत्याने सांगितलंय?"

तू असं कधीच म्हणाली नाहीस. तुला कोणी विचारलंच नाही. आम्ही इतकी माणसं, आणि एकालाही वाटलं नाही की हिला सरळ विचारावं.

म्हणून आता विचारतो. येशील का? आणि त्याहूनही खरं सांगायचं तर, ये. तुझ्यावर उपकार म्हणून नाही, तुला बरं वाटावं म्हणूनही नाही. माझ्या एकुलत्या एका पोरीचं लग्न आहे आणि मला माझी बहीण हवी आहे. तू नसलीस तर मी त्या मांडवात हसेन, जेवेन, पाहुण्यांची विचारपूस करेन, पण सारखा दाराकडे बघत राहीन. तुला यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही, पण लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील. चिठ्ठी नसलेलं पार्सल पुन्हा पाठवू नकोस. ते मला सहन होत नाही.

तुझी वाट बघणारा,
खुंट्या

*

७ मार्च

चि. खुंट्या,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे आत्ता देते, निम्मे तुझी वागणूक बघून.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिल्यातल्या थापा वाचून डोकं फिरलं. दुसऱ्यात छत पडलं तेव्हा इतकी हसले की गिऱ्हाईक पाणी घेऊन धावलं, त्याला वाटलं मला ठसका लागला. तिसरं वाचलं आणि मशीन थांबवून बसून राहिले.

आता मी सांगते ते नीट वाच. पत्रात तुला मध्ये मध्ये बोलता येत नाही हे फार बरं आहे.

त्या माणसाला मी लग्नाआधी एकदाच भेटले होते. त्याने मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. जाता जाता म्हणाला, "ते शिवणाचं मशीन विकून टाका, आमच्या घरातल्या बायका लोकांचे कपडे शिवत नाहीत." मी हे नानांना सांगितलं नाही, कारण ते आनंदात होते आणि बोलणी झाली होती. लग्नाच्या सकाळी मी आतल्या खोलीत नटूनथटून बसले होते आणि कोपऱ्यातल्या मशीनकडे बघत होते. आणि तो निरोप आला. खुंट्या, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की मशीन वाचलं!

मला हसू आवरेना. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. बायकांना वाटलं, पोर उमाळ्याने रडते आहे. मग त्या सगळ्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. तू ऐकलंस ते रडणं त्यांचं होतं. मी त्या घोळक्याच्या मधोमध हसत होते. त्या दुपारी सगळ्यांनी पानं तशीच टाकली आणि मी आतल्या खोलीत दार लावून दोन माणसांचं जेवले.

मग बाहेर आले आणि नानांचा चेहरा बघितला. त्या चेहऱ्याला कसं सांगायचं की मी खूश आहे? म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. तोवर तुम्ही सगळे माझ्याशी हळू बोलायला लागला होतात. मी खोलीत आले की विषय बदलायचात. तुम्ही माझ्या नावाने इतकं मोठं दुःख उभं केलंत की ते नाकारणं मलाच उद्धटपणाचं वाटायला लागलं. आणि मग नाना गेले. आता कोणाला सांगणार आणि कशाला, असं म्हणून मी गप्प राहिले. तेवढी चूक माझीही.

पण हे ऐक. मला लग्नं आवडतात रे! फक्त दुसऱ्यांची. बँड आवडतो, हार आवडतात, नटलेल्या बाया आवडतात, मानापानावरून होणारी भांडणं तर फारच आवडतात. तुझ्या लग्नात मी कोठीच्या खोलीत बसले कारण सकाळी आईने माझ्या हातात किल्ल्या दिल्या आणि म्हणाली, "तू इथे सुखात राहा." दिवसभर मी दाराच्या फटीतून तुझं डोकं बघत होते. एवढी वर्षं मी तुमची छतं शिवते आहे. एकाही छताखाली मी कधी उभी राहिलेली नाही. ती खालून कशी दिसतात ते मला माहीत नाही. तू मला सांगतोस की मॅडमच्या लॅपटॉपवर माझं छत आहे, आणि मी विचार करते, त्या मॅडमनी तरी बघितलं.

मास्तरांनी मला गाणं विचारलं, तेव्हा मला लग्नाचं वाईट वाटलं नाही. घरात एवढा आनंद झाला आणि बाहेरच्या माणसाकडून कळला, याचं वाटलं. माझ्या पुतणीचा आनंद मला सोसणार नाही असं माझ्याच भावाला वाटावं, याचं वाटलं. मास्तरांना सांग, बशी मुद्दामच दिली नव्हती, पण त्यांच्यावर राग नव्हता. त्यांना म्हणावं, गाणं चांगलं दणदणीत हवं. मी वरातीत नाचणार आहे. मला येत नाही, पण कोण अडवतंय बघू.

शनिवारी सकाळी येते. राहायला येते, चांगली महिनाभर. दुकानाला कुलूप लावते आहे, बाहेर पाटी लावली आहे, 'घरी लग्न आहे.' ही पाटी लिहिताना मला किती मजा आली ते तुला कळायचं नाही. लाल शाईने लिहिली. गिऱ्हाइकं आता थांबून थांबून विचारतात, कोणाचं, कोणाचं, आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते, लिफ्टसकट.

आल्यावर मला काम सांगायचं नाही. किल्ल्या तर मुळीच द्यायच्या नाहीत. मला अगदी पुढची खुर्ची हवी. तिथे बसणाऱ्यांना फोटोवाला सारखा "जरा बाजूला व्हा" म्हणत असतो. मी होणार नाही. भिंगरीला सांग, तिच्या प्रत्येक फोटोत एक म्हातारी तोंडभर हसताना दिसेल, त्याची सवय करून घे. आणि मुलाकडच्यांनी विचारलं, "या कोण?" तर हळू आवाजात सांगू नकोस. चार माणसांत, मोठ्याने सांग.

आजवर तुला 'तुझी अक्का' म्हणून लिहीत आले. या पत्राखाली तशी सही करत नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला दुसरी सही करायला मिळते आहे, ती ठळक अक्षरात करते.

नवरीची आत्या